खांडक्या बल्लाळशहा आणि इडिपस : नावातून निघालेल्या कथा

सोफोक्लीजचे 'राजा इडिपस' वर्गात शिकवताना एक तळटीप हमखास दिली जाते : इडिपस म्हणजे सुजलेल्या पायांचा. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात, शिक्षक पुढच्या प्रवेशाकडे वळतात. आम्हांला मात्र त्या तळटिपेपाशीच थांबावेसे वाटते. पाय सुजले म्हणून नाव पडले, की नाव आधीपासून होते आणि त्याचा अर्थ लावण्याच्या गरजेतून सुजलेल्या पायांची गोष्ट जन्माला आली? पुराणकथांतील नावांच्या व्युत्पत्तीचा सारा गुंता या एका प्रश्नात आहे. तो सोडवताना ग्रीसइतकीच मदत आपल्या वर्धा नदीच्या काठच्या एका गावाकडूनही होते, असे आम्हांला वाटते. ते गाव म्हणजे बल्लारपूर. आज ते कागद गिरणीसाठी, कोळशासाठी आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या थांब्यासाठी ओळखले जाते. चांद्याच्या गोंड राजांची राजधानी मात्र चांद्याच्या आधी इथे होती.

पण आधी ग्रीक नाव पाहू. त्याचे मूळ रूप 'ओइदिपूस' असे आहे. 'ओइदेइन्' म्हणजे सुजणे आणि 'पूस' म्हणजे पाय, ही फोड व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. नाटकातला निरोप्याही तेच सांगतो : बाळाचे घोटे टोचून बांधलेले होते, त्या दुर्दैवावरूनच नाव आले. सोफोक्लीज एवढ्यावर थांबत नाही. ग्रीकमध्ये 'ओइदा' म्हणजे 'मी जाणतो'. कोडे सोडवणारा, सर्व जाणणारा आणि स्वतःविषयी काहीच न जाणणारा राजा त्या एका नावात कवीने पुन्हा पुन्हा खेळवला आहे. मराठी लिप्यंतरात हा खेळ पार नाहीसा होतो. भाषांतरकाराला त्याचा दोष देता येणार नाही.

आता होमरकडे वळू. 'इलियड' आणि 'ओडिसी' या दोन्ही महाकाव्यांना इडिपस ठाऊक आहे. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकात इडिपसच्या आईला पाहतो (तिथे तिचे नाव एपिकास्ते आहे) आणि पितृहत्या, मातेशी विवाह, तिचा गळफास हे सगळे थोडक्यात सांगितले जाते. पायांचा मात्र उल्लेख नाही. प्रसंग त्रोटक असल्यामुळे अनुल्लेखावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. तरी नाव जुने आणि टोचलेले घोटे पुढच्या काळात पुढे आलेले, असा क्रम दिसतो. शिवाय इडिपस असा एकटाच नाही. मेलाम्पूस या द्रष्ट्याच्या नावाचा अर्थ 'काळ्या पायांचा'. त्यासाठीही टीकाकारांनी गोष्ट पुरवली : आईने बाळाला सावलीत ठेवले, पाय तेवढे उन्हात राहिले आणि करपले. ही कथा इतकी क्षीण आहे की ती नावाखातर रचली गेली याविषयी कोणाला शंका येऊ नये. अफ्रोदितेचे उदाहरण अधिक भव्य आहे. 'अफ्रोस' म्हणजे फेस. हेसिअडने तिला समुद्राच्या फेसातून जन्म दिला आणि पुढे युरोपीय चित्रकलेला एक चिरंतन विषय मिळाला. आज अनेक अभ्यासक या नावाचा फेसाशी संबंध मानत नाहीत. फिनिशियन अस्तार्तेचे नाव सायप्रसमार्गे ग्रीकांच्या तोंडी बदलून आले असावे, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर फेस हा परक्या नावाचा ग्रीक कानाने लावलेला अर्थ आहे. देवीचा जन्म त्या ऐकण्यातून झाला!

आता बल्लारपूरच्या राजाकडे येऊ. चांदा जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या आपल्या अहवालात स्थानिक परंपरा नोंदवून ठेवल्या आहेत, आणि पुढच्या बहुतेक लेखनाचा तोच आधार आहे. कथा थोडक्यात अशी. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगभर गाठी होत्या. कोणताही उपाय चालेना. एकदा शिकारीत तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रातून जात असता त्याला एका भोकातून पाझरणारे पाणी दिसले. तो ते प्याला, हातपाय आणि तोंड धुतले. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली आणि सकाळी राणीने पाहिले तो गाठी ओसरलेल्या. राणी चतुर. तिने ती जागा शोधायला लावली. वाळू आणि गवत बाजूला केले तेव्हा खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे पाण्याने भरलेले दिसले. त्रेतायुगातले अचलेश्वराचे तीर्थ ते हेच. राजा बरा झाला, देऊळ बांधू लागला. पुढे तिथेच त्याने एक नवल पाहिले : ससा कुत्र्याच्या मागे लागला होता. बराच वेळ वळणे घेत पळापळ झाल्यावर शेवटी कुत्र्याने सशाला मारले. सशाच्या कपाळावर पांढरा चंद्र होता. राणी म्हणाली, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट घाल आणि शहर वसव. ते शहर म्हणजे चंद्रपूर.

या कथेत दोन नावे उकलली आहेत, एक राजाचे आणि एक शहराचे. पहिले थेट इडिपसच्या जातीचे आहे. मराठीत 'खांडूक' म्हणजे गळू, गाठ. अंगावर खांडुके असलेला तो खांडक्या. फोड सरळ आहे, आणि कथेच्या इतकी अंगासरशी बसते की तिथेच आमच्या मनात पाल चुकचुकते. कोणता दरबार आपल्या राजाला 'गळवाळ्या' म्हणेल? शेवटचा 'या' प्रत्यय तर खंड्या, बाळ्या अशा हाकांतला, म्हणजे बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाला हाक मारण्याचा. याचा अर्थ नाव लोकांच्या तोंडचे असावे, दफ्तरातले नव्हे. किंवा मूळ शब्द निराळाच असून मराठी कानाने त्यात खांडूक ऐकले असावे. पर्याय शोधू गेले तर मिळतात. 'खांडा' म्हणजे सरळ पात्याची तलवार. 'खंदक' हा अरबी-फारसी शब्द बल्लारपूरचा किल्ला आणि चांद्याचा तट यांच्याशी ज्याचे नाव जोडले जाते त्या राजाला शोभेल. खंडोबाशी नाते लावू पाहणारेही भेटतील. यांतले एकही मूळ आम्ही सिद्ध म्हणून पुढे करीत नाही, आणि कौल द्यायचाच झाला तर ध्वनीच्या दृष्टीने खांडूकच सर्वांत जवळचे आहे. आमचा मुद्दा एवढाच की तलवारीवरून आलेले नाव असते तर गाठींची कथा लागली नसती, आणि गाठींची कथा नसती तर झरपटच्या पाण्याचे माहात्म्य सांगायला राजा लागला नसता. तीर्थाला रोगी हवा असतो. नावाने तो पुरवला. थीब्जच्या राजाचे पाय आणि बल्लारपूरच्या राजाचे अंग दोन्ही नावाच्या भाराखाली सुजले.

दुसऱ्या नावाची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिथे तुलना करता येते. कुत्र्यावर उलटणाऱ्या सशाची कथा काही चांद्याचीच नाही. विजयनगरच्या स्थापनेविषयी ती सांगतात, अहमदाबादविषयीही सांगतात. ही फिरती कथा आहे. ज्या भूमीवर दुबळ्यालाही बळ चढते तिथे राजधानी वसवावी, हा तिचा आशय. पण विजयनगरच्या सशाच्या कपाळावर चंद्र नाही. तो चांद्याच्याच सशाला आहे. तो कुठून आला हे सांगायला नको : शहराच्या नावातून. आणि चंद्र आणायचाच तर सशाइतके सोयीचे जनावर दुसरे नाही, कारण आपल्या परंपरेत चंद्राला शशांक आणि शशी म्हणतातच. फिरत्या कथेतला ससा आणि संस्कृत काव्यातला ससा इथे एकमेकांना भेटले.

नावाच्या इतिहासाने हा संशय बळावतो. अकबराच्या काळात लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त चांद्याचा उल्लेख आहे, तिथल्या बाबजी या गोंड सत्ताधाऱ्याच्या फौजेसह. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये हे राज्य घेतले तेव्हाही लोक चांदाच म्हणत, आणि इंग्रजांनीही जिल्ह्याला तेच नाव ठेवले. 'चंद्रपूर' हे अधिकृत नाव १९६४ च्या सुमारास झाले. चांदा हा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश अशी समजूत आढळते, ती टिकणारी नाही. संस्कृत रूप आधी आणि लोकांतले रूप मागून असे गृहीत धरण्याची आपल्याला सवयच आहे. ध्वनिनियमाने चंद्राचा चांद होतो हे खरे. पण म्हणून प्रत्येक चांद्याच्या मागे एक चंद्रपूर उभे असते असे नाही. स्थानिक परंपरा तर शहराची आणखी जुनी नावे सांगते, लोकपूर आणि इंदपूर. यातला 'इंद' इंदू मानला तर पुन्हा चंद्रच हाती लागतो, इंद्र मानला तर कथा बदलते. जवळच्या भांदकचे असेच झाले. जैमिनीच्या अश्वमेधपर्वातल्या भद्रावतीशी त्याची ओळख पटवली गेली आणि आज गावाचे नाव भद्रावतीच आहे. कथा नावाच्या शोधात निघते, आणि सापडलेले नाव मग पाटीवर चढते.

उलट बाजूचे एक उदाहरण दिले पाहिजे, नाहीतर सगळीच संस्कृत मुळे बनावट आहेत असा ग्रह व्हायचा. गडचिरोली जिल्ह्यातले (१९८२ पर्यंत तोही चांद्याचाच भाग होता) वैरागड हे गाव घ्या. आजच्या कानाला त्यात 'गड' ऐकू येतो, आणि किल्ला तिथे आहेही. अभ्यासकांनी मात्र मूळ 'वज्राकर' असे दाखवले आहे, म्हणजे हिऱ्यांची खाण. चोळांच्या शिलालेखांत हे नाव 'वयिराकरम्' या रूपात येते, आणि 'आईन-इ-अकबरी'लाही इथली हिऱ्यांची खाण ठाऊक आहे. इथे संस्कृत मूळ खरे, आणि 'गड' हीच लोकांनी केलेली उकल. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? वज्राकराला जुन्या लेखांची साक्ष आहे आणि त्याच्या सोयीसाठी एकही गोष्ट रचावी लागत नाही. सशाच्या कपाळावरच्या चंद्राला गोष्टीशिवाय दुसरा आधार नाही.

आता राजाच्या नावाचा उरलेला भाग. 'बल्लाळ' हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा. पालीचा बल्लाळेश्वर आहे, तिथे बल्लाळ हे भक्त मुलाचे नाव. आणि बाजीराव बल्लाळ यातला बल्लाळ म्हणजे बाळाजी. दक्षिणेत होयसळांचा वीर बल्लाळ आहे. कन्नडच्या अंगाने पाहिले तर 'बल्' म्हणजे बळकट आणि 'आळ्' म्हणजे माणूस, योद्धा. राजाच्या नावाला हा अर्थ शोभणारा आहे. बल्लाळपुराचे बल्लारपूर झाले ते एकाच शब्दात दोन लकार नकोसे वाटण्याच्या प्रवृत्तीने. संस्कृत 'लांगल'चा मराठीत 'नांगर' झाला त्यातही हीच विषमीभवनाची ओढ आहे. रेल्वेने मात्र गावाचे नाव न घेता राजाचे घेतले, तेही 'बल्हारशाह' असे. इथे एक मोहाची जागा आहे. नवव्या-दहाव्या शतकांतले अरब प्रवासी मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणतात. रेल्वेचा बल्हारशाह आणि अरबांचा बल्हरा यांची गाठ घालून देणे किती सोपे! पण अरबी शब्द 'वल्लभराज' याचा आहे, आणि दोघांचा संबंध उच्चाराच्या योगायोगापलीकडे जात नाही. अशाच साम्यांवर एकोणिसाव्या शतकात एक अख्खे शास्त्र उभे राहिले होते, त्याकडे पुढे येऊच.

राहिला 'शाह'. परंपरा सांगते की खांडक्याच्या आधीच्या सुर्जा बल्लाळसिंगाने दिल्लीच्या बादशहासाठी एक किल्ला जिंकून दिला आणि 'शेरशाह' ही पदवी मिळवली. तेव्हापासून वंशात 'सिंग' जाऊन 'शाह' आले. फारसी पदवीलाही आपली एक कथा मिळाली.

म्हणजे खांडक्या मराठी, बल्लाळ कानडी वळणाचा, शाह फारसी. गोंडांच्या राजाच्या या नावात गोंडीचे अक्षर नाही.

ही गोष्ट आम्हांला गळवापेक्षा अधिक अस्वस्थ करते. ग्रीकांच्या बाबतीत अगदी असाच प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला होता. प्लेटोच्या 'क्रातिलस' या संवादात सॉक्रेटिस देवांची नावे ग्रीक शब्दांतून उकलतो : देवांना 'थेओई' म्हणतात कारण ते धावतात, पोसायडन म्हणजे पायातली बेडी, कारण समुद्राने चालणाऱ्याची वाट अडवली, डायोनिसस म्हणजे मद्य देणारा. यास्काच्या 'निरुक्ता'त देव शब्द दान, दीपन आणि द्योतन या तिन्हींवरून लावला आहे आणि अग्नीला 'अग्रणी' ठरवले आहे, तीच ही वृत्ती. फरक असेल तर एवढाच की सॉक्रेटिस हे सांगताना किती गंभीर आहे याविषयी वाचकाला सतत शंका येते. यास्काविषयी येत नाही. दोघांचीही एक धारणा आहे की देवाचे नाव आपल्याच भाषेत असणार. पुढे मॅक्स म्यूलर आणि आडालबर्ट कून यांनी ही धारणा मोठी केली : ग्रीकात अर्थ लागला नाही तर संस्कृतात लागेल. म्यूलरच्या १८५६ च्या निबंधात दाफ्ने ही वेदातली अहना, म्हणजे पहाट, झाली. कूनने केंटॉर गंधर्वांना जोडले आणि प्रोमीथियसला अग्निमंथनातल्या 'प्रमंथ'शी. त्यातले झ्यूस आणि द्यौस, एओस आणि उषस् हे आजही टिकून आहे. बाकी बरेच वाहून गेले. ऊरानोस आणि वरुण ही जोडी एके काळी पाठ्यपुस्तकात असे. आता ऊरानोसचे नाते 'वर्ष' म्हणजे पाऊस या शब्दाशी लावतात. आपल्याकडे राजवाडे याच वाटेने गेले. मराठी शब्द दिसला की त्याला संस्कृत धातू मिळालाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह विलक्षण बुद्धीचा आणि तितकाच धोक्याचा आहे. भांडारकरांनी विठ्ठलाच्या नावात विष्णूचे कानडी रूप पाहिले, तिथे निदान वाटेत कानडी आहे हे मान्य केले होते.

ग्रीक अभ्यासाला वळण मिळाले ते 'आपली भाषा' ही अट सुटल्यावर. कोरिंथोस, लाबिरिंथोस, हियाकिंथोस यांतला '-न्थ-' हा घटक ग्रीक नाही, ग्रीकांच्या आधीच्या लोकांचा आहे, हे क्रेट्श्मरने १८९६ मध्ये मांडले. १९५२ मध्ये मायकेल व्हेन्ट्रिसने 'लिनिअर बी' लिपी वाचली, आणि इसवी सनापूर्वी बाराशे वर्षांच्याही मागच्या मातीच्या पाट्यांवर झ्यूस, हेरा, पोसायडन, डायोनिसस ही नावे सापडली. अथीनाचे नावही नोसॉसच्या पाटीवर आहे, पण तिला आजतागायत समाधानकारक ग्रीक किंवा भारत-युरोपीय मूळ मिळालेले नाही. अथेन्सच्या ग्रामदेवतेचे नाव अथेन्सकरांच्या भाषेतले नाही, हे आता कोणाला लाजिरवाणे वाटत नाही.

आमच्या जंगल जिल्ह्यांत '-न्थ-'ची जागा '-पल्ली' घेते : आलापल्ली, एटापल्ली. नकाशाच द्राविडी बोलतो. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा, आणि तिच्यातले देवाचे नाव 'पेन'. बरो आणि एमनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ते तमिळ 'पेय्' या शब्दाशेजारी ठेवले आहे; तमिळमध्ये त्याचा अर्थ भूत, पिशाच्च. एकाच शब्दाचा इकडे देव आणि तिकडे पिशाच्च व्हावा, हे वैदिक 'देव' आणि इराणी 'दएव' माहीत असणाऱ्यांना नवे नाही. गोंडांचा थोरला देव 'पेर्सा पेन', मोठा देव. तमिळ 'पेरिय' या शब्दात तोच धातू दिसतो. शेजाऱ्यांनी त्याचे भाषांतर 'बडादेव' असे केले, ते बरोबरच होते. मग बड्याचा 'बुढा' झाला आणि देव म्हातारा ठरला. दुसरीकडे पेर्साचा उच्चार 'फर्सा' होताच मराठी-हिंदी कानाला परशू ऐकू आला, आणि काही लेखनात तो कुऱ्हाडीचा देव म्हणून नोंदला गेला. खांडूक, फेस आणि फरसा : तिन्ही ठिकाणी कानाने एकच काम केले आहे.

लोकांच्या नावाचेही तसेच. गोंड स्वतःला 'कोइतूर' म्हणतात. 'गोंड' हे बाहेरच्यांनी दिलेले, हिस्लॉपच्या मते तेलुगू 'कोंडा' म्हणजे डोंगर यावरून. ग्रीक स्वतःला हेलेनेस म्हणत. 'ग्रीक' हे रोमनांकडून आलेले, आणि आपला 'यवन' आयोनियन या एका शाखेच्या नावावरून इराणमार्गे आलेला.

ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, त्याने परधान गायकाकडून लिंगोचे दीर्घ गीत गोंडीत उतरवून घेतले होते. १८६३ मध्ये तो बुडून वारला. १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने त्याचे कागद छापले. त्या गीतात महादेव आणि पार्वती आहेत, आणि लिंगोच्या नावात शिवलिंग ऐकण्याची वाट तिथूनच मोकळी होते. पण गीताने स्वतः लिंगोचा जन्म सांगितला आहे तो पहांदीच्या फुलातून, आणि त्याचे पूर्ण नाव पहांदी पारी कुपार लिंगो असे घेतले जाते. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले, लिंगोने सोडवले, तो गीताचा गाभा. त्या गुहेच्या जागेचे नाव 'कचिकोपा लोहागड'. 'कचि' हा गोंडीत लोखंडाचा शब्द आहे, आणि 'लोह' कोणता ते सांगायला नको. परधानाने एकच धातू दोन भाषांत लागोपाठ म्हटला, जसे आपण कागदपत्र किंवा धनदौलत म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला हवा तो अर्धा घेऊ दिला. बल्लारपूरच्या राजाच्या नावात कानडी, फारसी आणि मराठी उरले; गुहेच्या नावात 'कचि' अजून जागेवर आहे.